दुसरी बादली

पलंगावर बसलो तर पलंग बोलला. शब्द असा काही नाही, नुसतं कर्रर्र. या वयात गुडघे बोलतात, खांदा बोलतो, पण पलंगाने तोंड उघडायचं काही कारण नव्हतं. उठलो, पुन्हा बसलो. कर्रर्र. चादरीचा कोपरा उचलला. खाली गादी दिसायला हवी होती, तिथे प्लास्टिक दिसलं. नवंकोरं, दुधी रंगाचं, दुकानातल्या घड्यांच्या रेघा अजून तशाच. कोपरे गादीखाली इतके नीट खोचलेले की पाहताक्षणी कळलं, हे काम सूनबाईचं. ती चष्म्याच्या दुकानात आहे, तिचं सगळं असंच, बोट लावलं तर डाग पडेल असं. चादर होती तशी खाली सोडली आणि चोरासारखा बसून राहिलो. श्वाससुद्धा बेताने, कारण जरा छाती फुगली तरी ते चुगली करायचं. तान्ह्या मुलांच्या खाली प्लास्टिक घालतात. आणखी कोणाच्या खाली घालतात तेही मला ठाऊक होतं. तान्हं मूल तर मी नव्हतो.

मग नाक कामाला लागलं. वास होता. तसा तो चारपाच दिवस होताच, पण मी तो खिडकीखालच्या बोळाच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो. आता नीट घेतला. तिखट, नाकाच्या मुळाशी टोचणारा, भर दुपारी सार्वजनिक मुतारीवरून जाताना येतो ना, अगदी तो. उठून दाराला कडी लावली आणि स्वतःची तपासणी केली. पायजमा कोरडा. चादर कोरडी. गादी कोरडी. मी खडखडीत कोरडा होतो, आणि वास येत होता. पण आता माझ्या साक्षीला किंमत किती? मी वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होतो. आयुष्यभर दुकानादुकानांतून लोकांचे तराजू उलटे करून बघितले. पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच, आतून पोखरलेलं वजन, तळ उचललेलं माप, सगळं पाहिलं. आणि पकडला गेलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "साहेब, काटा बरोबर आहे." त्यातले निम्मे लबाड होते. पण उरलेले निम्मे खरंच तसं समजत होते, ती खरी गंमत. रोज त्याच काट्याकडे बघून त्यांना तोच सरळ वाटायला लागलेला. आता मी माझ्या कोरड्या पायजम्यावर हात ठेवून म्हणत होतो, काटा बरोबर आहे. आणि मलाच माझा विश्वास वाटत नव्हता.

घरात कोणी काही बोललं नाही. हे न बोलणंच फार मोठ्याने ऐकू येत होतं. चहाचा कप समोर ठेवताना सूनबाईचा आवाज एकदम खाली आला. ही तीच बाई जी परवापरवापर्यंत माझ्या रेडिओवरून माझ्याशी रीतसर भांडायची, "बाबा, तुम्ही ऐकताय की अख्ख्या इमारतीला ऐकवताय?" आता रेडिओ कोकलत होता आणि ती म्हणाली, "असू दे, बाबा. ऐका तुम्ही."  माणसाशी भांडणं बंद झालं की समजावं, त्याचं नाव दुसऱ्या वहीत गेलं. चिरंजीव समोर बसून पाव चावत होते, पुठ्ठा चावावा तसा. गेल्या मोठ्या सर्दीत त्याचं नाक गेलं. म्हणजे जागेवर आहे, पण कामावर येत नाही. कसलाही वास नाही, चव नाही. मागे एकदा गॅसवर दूध करपून कोळसा झालं आणि हा शेजारी उभा राहून वर्तमानपत्र वाचत होता. तो पावावरून डोळे वर करून माझ्याकडे बघायचा आणि मी बघितलं की चटकन खाली घालायचा. म्हणजे बायकोने त्याला सांगितलं होतं. त्याला स्वतःला काही कळणार नव्हतं, त्याने तिच्या नाकावर विश्वास ठेवला होता. संसारात ठेवावाच लागतो.

हा माझा मुलगा एका विमा कंपनीत बसून लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघतो आणि भरपाई का मिळणार नाही ते त्यांना कळवतो. एखाद्याने गाडी स्वतः उघडून दुरुस्त करायचा प्रयत्न केला असेल तर त्याचा दावा हा हसत हसत फेटाळतो. आणि स्वतः? घरातली एक वस्तू अशी नाही जी याने उघडलेली नाही, आणि उघडलेली एक वस्तू अशी नाही जिचे दोन स्क्रू उरले नाहीत. वॉशिंग मशीन याने दुरुस्त केलं तेव्हा ते कपडे पिळता पिळता न्हाणीघरातून चालत निघालं, हॉलमध्ये आलं आणि मीटर बघायला आलेल्या माणसाला त्याने भिंतीशी दाबून धरलं. वायर संपली म्हणून तो वाचला. त्या दिवशी सूनबाईने नवऱ्याकडून शब्द घेतला, यापुढे कशालाही हात लावायचा नाही. आणि मग गाडीचं प्रकरण उपटलं. गाडी डिझेलची. तिच्या काट्यांच्या मधोमध एक दिवस पिवळी अक्षरं पेटली की अमुक इतके किलोमीटर झाले की इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. रोज तो आकडा कमी व्हायचा. मी विचारलं, इंजिन बिघडलंय का? तर म्हणाला, "नाही हो बाबा, इंजिन ठणठणीत आहे. डिझेलचा धूर वाईट असतो ना, म्हणून एक वेगळी छोटी टाकी असते, युरियाच्या पाण्याची. पंप ते पाणी ओढतो आणि तापलेल्या धुरावर फवारतो, की धूर निवळतो. आता पंपात खडे धरलेत, पाणी पोचत नाही. म्हणून गाडी म्हणते, मी चालणार नाही."

"म्हणजे चालता येतं, पण चालणार नाही?"

"नियमच आहे तसा."

एवढा कडक सरकारी नोकर मी माझ्या खात्यातसुद्धा पाहिला नव्हता. मला त्या गाडीबद्दल आदर वाटला. चिरंजीवांचं म्हणणं, वर्कशॉपवाले अख्खी टाकी बदलायला लावतील, खडे तर गरम पाण्यात साखरेसारखे विरघळतात, मी फोनवर सगळं बघितलंय. सूनबाई नुसतं म्हणाली, "वॉशिंग मशीन." विषय संपला. दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपला गेली, असं आम्हाला सांगण्यात आलं.

प्लास्टिक सापडल्याच्या दुसऱ्याच सकाळी हा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर टॉवेल, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"बाबा, चला. अंघोळ घालतो."

"का? माझे हात गळून पडलेत?"

"तसं नाही. टाइल्स ओल्या असतात, पाय घसरेल."

"अरे, कोरड्या टाइल्सवर अंघोळ कोण करतं?"

"बाबा, चला ना."

त्या 'चला ना'मध्ये काहीतरी होतं. मी उठलो. न्हाणीघरात दोन बादल्या होत्या. एकीतून वाफ निघत होती. दुसरीवर पाटी उलटी झाकलेली, तरी फटीतून वाफ येतच होती. "त्यात काय?" तर म्हणाला, "कपडे भिजवलेत. तुम्ही बघू नका तिकडे." मी समजलो. माझेच कपडे. मी भिंतीकडे तोंड केलं, स्टुलावर बसलो आणि डोळे मिटून घेतले. पाणी पाठीवर आलं. नेमकं हवं तेवढंच गरम. आणि मग त्याचा हात.

आमच्या दोघांत स्पर्शाचा व्यवहार कधी फारसा नव्हताच. लहानपणी त्याला न्हाऊमाखू घालायची ती त्याची आई. मी दौऱ्यावरून यायचो तेव्हा पावडर लावून चकाचक झालेला मुलगा माझ्यासमोर उभा केला जायचा, आणि मी त्याच्याकडे पसंतीने बघायचो, शिक्का मारण्यालायक माप असल्यासारखा. पुढे तो मोठा झाला, मग त्याला मिशी आली, मग त्याचं लग्न झालं. पाठीवर थाप मारायचीही एक वेळ असते, ती कुठल्याशा गडबडीत निघून गेली. आता त्याचा अंगठा माझ्या मणक्याच्या बाजूने वर चढत होता. प्रत्येकाच्या पाठीवर एक असा मुलूख असतो जिथे स्वतःचा हात पोचत नाही, ना वरून ना खालून. ही गेल्यापासून माझ्या त्या मुलखात कोणी आलेलं नव्हतं. तिथे त्याचा अंगठा पोचला आणि मला कुठेतरी आतमध्ये, मी कुलूप लावून विसरून गेलेल्या एखाद्या खोलीत, कोणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी त्याच्या हाताकडे बघितलं. नखांत काळं.

"तुमच्या ऑफिसात अजून शाई वापरतात?"

"प्रिंटर बिघडला होता." मग म्हणाला, "तुमची पाठ किती लहान झालीय, बाबा."

"पाठ तेवढीच आहे. तू मोठा झालास."

तो हसला नाही. टॉवेलने माझे कान पुसले, आतून, मुलांचे पुसतात तसे. मग खाली फरशीवर बसला, माझं पाऊल उचलून मांडीवर घेतलं आणि नखं कापायला लागला. मला वाकता येत नाही म्हणून माझी नखं कित्येक दिवस मोज्यांतच वाढत होती, हे याला कोणी सांगितलं? त्याच्या डोक्यावर टक्कल पडायला लागलंय, हेही मला त्या दिवशी वरून दिसलं. नाण्याएवढं. मुलाची टाळू दिसणं हा हक्क बापाला फार वर्षांनी परत मिळाला होता, आणि त्याची किंमत म्हणून मी लोकांच्या नजरेत अंथरूण ओलं करत होतो. सौदा वाईट नव्हता.

रोज सकाळी हे सुरू झालं. कडी लावलेलं न्हाणीघर, वाफ, दोन बादल्या, तो आणि मी. बाहेर दोन वाक्यंही न बोलणारा माणूस तिथे बोलायचा. पाणी कुठून येतं, दाब किती लागतो, बारीक भोकात कण अडकला तर अख्खं यंत्र कसं रुसून बसतं. मला वाटायचं हा माझ्याच प्रकृतीबद्दल आडून आडून बोलतोय. "घाई करून चालत नाही, बाबा. हळूहळू सैल होतं सगळं." मी म्हणायचो, "सैल झालंय हाच तर प्रश्न आहे ना?" तो माझ्या खांद्यावर अजून एक तांब्या ओतायचा. हे सगळं ठीक होतं, पण रविवार जवळ येत होता. नातीचं वसतिगृह सुट्टीसाठी बंद व्हायचं होतं आणि तिला आणायला आम्ही सगळे गाडीने जाणार होतो. नातीला मी भुंगा म्हणतो, कारण लहानपणी ती जेवताना गुणगुणायची. पाच तासांचा रस्ता. मी महिनाभर आधी शर्ट काढून ठेवला होता. तिचा फोन आला, "आबा, तुम्ही पुढच्या सीटवर बसायचं हं. आई मागे." आणि मी 'हो' म्हणायच्या आत सूनबाईने फोन अलगद काढून घेतला, "आबांचं बघू गं, प्रवास झेपेल का ते." मग स्वयंपाकघरातून मला ऐकू आलं, समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई रविवारी माझ्यासोबत बसतील असं ठरलंय. त्या बाई बोलायला लागल्या की टपाल वाटत सुटल्यासारख्या दारोदार फिरतात. आणि त्याच संध्याकाळी माझ्या कपाटात एक गठ्ठा दिसला. त्यावर एक पांढऱ्या केसांचे हसरे गृहस्थ छापलेले. लंगोट. मोठ्यांचे. त्या गृहस्थांना एवढं हसू कशाचं येत होतं कोण जाणे.

चप्पल शोधताना कळलं. एक चप्पल पलंगाखाली गेली होती. काठीने ओढायला गेलो तर काठी कशाला तरी टेकली, मऊशी. गुडघ्यांची माफी मागून खाली बसलो, वाकलो. पलंगाखाली भिंतीशी एक जुनं प्लास्टिकचं घमेलं, आणि त्यात अंड्यांवर कोंबडी बसावी तसं काहीतरी काळं बसलेलं. दोन नळ्या वर काढलेल्या, अंगावर पांढरे खडे, खडीसाखरेसारखे. ते गुंडाळलं होतं माझ्या जुन्या पायजम्यात. पायजमा ओला होता. नाक जवळ नेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. हाच. अगदी हाच तो. युरियाचं पाणी, मुलगा म्हणाला होता. मी तसाच खाली बसून राहिलो, पलंगाला पाठ टेकून, आणि सगळं एकेक करून जागेवर बसायला लागलं. गाडी वर्कशॉपला गेलीच नव्हती. ती खाली तळघरात होती, जिथे गारठ्यामुळे सूनबाई कधी उतरत नाही. त्या गारठ्यात पंपाला पुन्हा खडे धरले असते, म्हणून हा तो वर घेऊन आला. घरात सगळ्यात उबदार खोली माझी, आणि पलंगाखाली बघणारं कोणी नाही. पुसायला रद्दीतले माझे पायजमे. एखादा चुकून धुण्यात गेला असणार, तो सूनबाईच्या हाती लागला असणार. नाक असलेल्या बाईला कारण दिसलं नाही आणि कारण माहीत असलेल्या माणसाला नाक नव्हतं. मी हसायला लागलो. पलंग मागे करकरत होता आणि मी खाली तोंडावर हात दाबून हसत होतो. मी कोरडा होतो. मी कोरडाच होतो की. काटा बरोबर होता!

आणि मग ते हसू मध्येच अडकलं. दुसरी बादली. पाटी झाकलेली, वाफाळणारी दुसरी बादली. कपडे भिजवलेत, बघू नका तिकडे. कपडे कसले, पहाटे माझ्या झोपेत पलंगाखालून नेलेला पंप. रोज सकाळी घरात कोणाला शंका न येता न्हाणीघराला आतून कडी लावायची, भरपूर गरम पाणी काढायचं, याला एकच निमित्त पुरेसं होतं, म्हाताऱ्या बापाची अंघोळ. म्हणजे खडे विरघळायला वेळ लागतो, तोवर हात रिकामे, म्हणून माझी पाठ. सैल होतं हळूहळू, तेही पंपाबद्दलच. मी आयुष्यभर लोकांची खोटी मापं पकडली, आणि या वयात घरच्या घरी, टॉवेल गुंडाळून, फसलो. पण खरं तर मीही कुठे पूर्ण माप देत होतो? त्याला वाटत होतं बाप आजारी आहे. आता मला माहीत होतं की नाही. मग चप्पल पायात घालून मी लगेच बाहेर जाऊन का सांगितलं नाही? नाही सांगितलं. घमेलं होतं तसं आत सरकवलं, पायजमासुद्धा नीट गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल दिसल्याबरोबर उठलो. चेहरा थोडा ओशाळा ठेवला, तेवढं मला जमतं, पकडलेल्या दुकानदारांकडून शिकलोय. पाणी पाठीवर आलं. डोळे मिटले आणि मनातल्या मनात तराजू धरला. एका पारड्यात बादली. अंघोळ पंपासाठी, हे झालं. पण कान? कानांच्या मागून हात फिरवायची पंपाला काय गरज? आणि नखं? खडे विरघळेपर्यंत माणूस फोन बघत बसू शकतो, बापाचं पाऊल मांडीवर घेत नाही. मग पुन्हा वाटायचं, वेळ जायला हवा म्हणून माणूस काहीही करतो. काटा कधी इकडे झुकायचा, कधी तिकडे. तो कुठे थांबतो ते बघण्यासाठी मी अजून एक दिवस गप्प राहिलो, मग अजून एक. आणि हळूहळू त्यात एक वेगळंच भय शिरलं. आज हे खोटं आहे. पण दोन वर्षांनी, चार वर्षांनी? तेव्हा प्लास्टिक खरं असेल, लंगोट खरे असतील, ओशाळा चेहरा मुद्दाम करावा लागणार नाही. ही रंगीत तालीम चालली होती. आणि मला खरोखर हेच जाणून घ्यायचं होतं की प्रयोगाच्या दिवशी, पंप नसताना, हा येईल का.

मी कदाचित रविवारपर्यंत गप्प राहिलो असतो, भुंग्यावरही पाणी सोडलं असतं. पण शनिवारी सकाळी, मुलगा बाहेर पडल्यावर, स्वयंपाकघरात सूनबाई तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. आवाज तोच, खालचा. "आपल्या बाबांचं असंच सुरू झालं होतं ना गं? आधी हे. मग नावं विसरायला लागले. मग मला बाई, बाई म्हणायला लागले." मग नुसताच नाक ओढल्याचा आवाज. माझ्या मापातली खोट त्या पोरीच्या पिशवीत पडत होती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"फोन ठेव. आणि जरा माझ्या पलंगाखाली बघ."

"बाबा, मी स्वच्छ करते नंतर, तुम्ही काळजी नका..."

"अगं, आधी बघ तर."

ती वाकली. मग आडवी झाली. मग पलंगाखालून तिचा आवाज आला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मोठा, "हे काय आहे?"

"तुझं वर्कशॉप."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझा पायजमा होता, दोन बोटांत धरलेला. ती फरशीवरच बसली. पायजमा हुंगला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हुंगला. "म्हणजे तुम्ही..."

"मी कोरडा आहे. खडखडीत."

मग ती जी हसायला लागली ती रडायलाच लागली, आणि रडता रडता नवऱ्याला जे काही म्हणाली ते मी ऐकलं नाही असं आमचं ठरलंय. खोटारडा, आणि त्याच्या पुढचं. फोन हातात घेऊन ती त्याला लावणारच होती, मी तिचा हात धरला. "त्याला गाडी करू दे पुरी. खडे गेलेत सगळे, आज बसवतोय बहुतेक. आत्ता ओरडलीस तर दोन स्क्रू विसरेल."

"आणि नाही झाली तर?"

"तर बसने जाऊ. पण मी येणार."

"येणारच तुम्ही. पुढच्या सीटवर." मग तिचा चेहरा बदलला. "बाबा, तुम्हाला हे कधी कळलं?"

मी चादरीचा कोपरा नीट करायला लागलो.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? मी ते... ते कपाटात ठेवलं, तरी नाही बोललात?"

"पाठ," मी म्हणालो. एवढंच तोंडातून निघालं.  तिने गादीवरचं प्लास्टिक सर्रकन ओढून काढलं आणि घडी घालून काखेत मारलं.

दुपारी चिरंजीव हळूच पलंगाखालून काहीतरी घेऊन गेले, मी झोपलोय असं समजून. संध्याकाळी जिन्यातून धावत वर आले. दार उघडलं तर आधी वास आत आला, मागून तो. टाकी भरताना झाकणातून सगळं उसळलं होतं म्हणे, आणि हा नेमका खाली. केसांत, भुवयांत, कानांत पांढरे खडे वाळलेले, कोपर सोललेलं, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू निकाल लागलाय.

"गेला! मेसेज गेला! एक चक्कर मारून आणली, अक्षरं गायब!" आणि मग बायको समोर उभी आहे हे लक्षात आलं. "म्हणजे वर्कशॉपवाला म्हणाला की..."

"वर्कशॉपवाला भलताच घाणेरडा वास मारतोय," सूनबाई म्हणाली.

"कसला वास?"

तिने त्याला सांगितलं. हळू आवाजात नाही, चांगलं खणखणीत. पायजम्यापासून लंगोटापर्यंत. तो ऐकत होता आणि त्याच्या भुवईवरून एकेक खडा फरशीवर पडत होता. शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही?"

"नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग रोज माझ्याकडून... का बोलला नाहीत, बाबा?"

मी म्हणालो, "तू बोललास का दुसऱ्या बादलीबद्दल?"

तो लाल झाला. खड्यांच्या मागून लाल झालेला माणूस फार विचित्र दिसतो. मग तो अंघोळीला गेला, एकटा. आतून नळाचा आवाज येत राहिला. मी माझ्या खोलीत जाऊन बसलो. पलंग काही बोलला नाही. वास नव्हता, प्लास्टिक नव्हतं, कपाटातला हसरा गृहस्थही गेला होता. सगळं परत मिळालं होतं मला, आणि आता त्याच्याकडे माझ्या खोलीत यायला एकही कारण उरलं नव्हतं. पंप गाडीत, बाप कोरडा. सूनबाईने रेडिओ बंद करायला सांगितला, ओरडून. मी लगेच केला.

सकाळी लवकर जाग आली. शर्ट दाराला अडकवलेला होता. बाहेर डबे भरल्याचे, पाण्याच्या बाटल्यांचे आवाज. मी टॉवेल घेतला, स्वतःचा स्वतः, आणि पलंगाच्या कडेला बसलो. मनाशी म्हटलं, ऊठ, इतकी वर्षं आपली आपणच करत होतास ना अंघोळ. उठलो नाही. टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली. पावलं आली, दारापाशी, आणि पुढे गेली. चपलांच्या रॅककडे. मग परत आली.

पॅन्ट दुमडलेली होती.

"चला," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, दाराच्या बिजागरीकडे बघत, जणू तीच आता उघडायची आहे.

"मला काही झालेलं नाही."

"माहितीय. पाणी काढलंय."

न्हाणीघरात एकच बादली होती. मी दाराआड बघितलं, नळाखाली बघितलं, खात्याची सवय. एकच. स्टुलावर बसलो. त्याने पाण्यात कोपर घालून बघितलं, सोललेलं, आणि स्स केलं.

"आज काय भिजत घातलंय?" मी विचारलं.

"तुम्हाला," तो म्हणाला, आणि पहिला तांब्या ओतला.

बाहेरून सूनबाईने दार ठोठावलं. "अहो, पाच तास जायचंय! पोरगी दारात उभी असेल! तुमचं दोघांचं झालं का?"

"थांब गं जरा," त्याने ओरडून सांगितलं, "अजून पाठ राहिलीय."